विधवेच्या पोटावरचं मशीन

माझा स्वभाव मुळातच संशयी, आणि डॉक्टरकीत तो खपून जातो. पेशंट सांगतो त्यातलं निम्मं खोटं धरून चालायचं, हे मी बोईसरच्या नोकरीत पक्कं शिकले. कामगार कारखान्यात बोट चेचलं तरी मुकादमासमोर "घर पे लगा" म्हणत. नवऱ्याचा मार खाल्लेल्या बायका तर हमखास ओट्यावरून पडलेल्या असत. "पडले" हा शब्द आला की माझे कान टवकारत.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या छोट्या खाजगी इस्पितळात सोनोग्राफीचं उचलून नेता येणारं मशीन आलं. उचलून म्हणजे वॉर्डबॉयने दोन्ही हातांनी, कण्हत. अपघातात पोटात रक्तस्राव होतोय का, हे खाटेशीच बघता यावं म्हणून ते घेतलं होतं. पण लोकांना एवढंच ठाऊक की हे पोटातलं मूल बघायचं यंत्र, आणि मुलगा की मुलगी ते डॉक्टर हळूच सांगतात. त्यासाठी लाडीगोडी लावायला येणाऱ्यांना मी हाकलून देई, तरी मशीन बदनाम ते बदनामच.

एका दुपारी तारापूरकडच्या किनाऱ्यावरून एक सासू आपल्या सुनेला टेम्पोत घालून घेऊन आली. सून पंचविशीची, पांढरीफटक पडलेली, नाडी धावत होती. होडीतून मासळीची पाटी उतरवताना पाय घसरला, होडीच्या काठावर आपटले, असं ती म्हणाली. पोट दुखत होतं आणि डावा खांदाही. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती.

झालं, माझ्या डोक्यातली चक्रं फिरू लागली. तरुण विधवा, पोटात दुखतंय, अंगातलं रक्त उतरल्यासारखं दिसतंय, आणि वर "पडले". गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनळीत राहून ती फुटली की अगदी असंच होतं, खांदासुद्धा दुखतो. नाहीतर कुणीतरी पाडायचं औषध दिलं असेल. पाळी कधी आली होती, मी विचारलं. "परवा संपली," ती म्हणाली. मी ते केसपेपरवर लिहिलं आणि मनात म्हटलं, सांगतेस.

मशीन आणलेलं बघताच सासू खाटेच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली.

"यो मशीन नको, बाय. माजा पोरगा नाय आता. तिच्या पोटावर यो लावला असा गावात कळला, तं तिनं तोंड कुटं दाकवायचा?"

तिला गावाचं भय होतं की तिलाच सुनेचा संशय होता, मला कळेना. बोलत माझ्याशी होती, पण बघत होती सुनेकडे.

"लावा," सून म्हणाली. "मना भ्या नाय."

गर्भाशय नीट दिसायला तेव्हा मूत्राशय भरलेलं लागे. मी सिस्टरला लघवीच्या वाटेने नळी घालून ते सलाइनने भरायला लावलं. त्यात दहा मिनिटं गेली. मग मशीनचा हातात धरायचा प्रोब ओटीपोटावर ठेवला. गर्भाशय रिकामं होतं, पण त्याच्या मागे काळी पट्टी दिसली, म्हणजे रक्त. सांगायला लाज वाटते, पण मला जिंकल्यासारखं वाटलं. मी गर्भनळीत काही सापडतंय का ते शोधत बसले आणि तिकडे तिचं ब्लडप्रेशर उतरत चाललं.

"मॅडम, डाव्या बरगड्या बघा," सिस्टर म्हणाली. तिने पदर बाजूला केला होता. तिथे तळहाताएवढा काळानिळा डाग होता. पोट तपासताना मी तिचा पदर तेवढा वर सरकवलाच नव्हता. प्रोब तिथे नेला, तर बरगड्यांखालच्या प्लीहेभोवती सगळं काळं. प्लीहा फाटली होती आणि तिथलंच रक्त खाली उतरलं होतं.

सर्जन पालघरला राहत. त्यांचा मशीनवर काडीचा विश्वास नव्हता. "पडद्याचं सोड, पेशंटवर काय दिसतंय ते सांग," ते फोनवर म्हणाले. मी बरगड्यांवरच्या डागाबद्दल सांगितलं तेव्हा निघाले. ऑपरेशन झालं, प्लीहा काढावी लागली. ती वाचली, पण थोडक्यात. "मला एवढा उशिरा का फोन केलास?" हात धुताना त्यांनी विचारलं.

पुस्तक माझ्या बाजूने होतंच. तरुण बाई पोटदुखी घेऊन आली की गर्भाचा विचार आधी करा, असं शिकवतात, आणि ते बरोबरही आहे. पण तिच्या गळ्यात मंगळसूत्र असतं तर मी तिचं पडणं खरं मानलं असतं आणि आधी बरगड्या बघितल्या असत्या, हे मला पक्कं माहीत आहे. त्याची टोचणी अजून जात नाही.

घरी सोडायच्या दिवशी सासू माझ्या टेबलाशी आली. मशीनची बातमी गावात पोचली होती.

"हिच्या पोटात मूल नव्हता, असा लिवून द्या, बाय. शिक्का मारून द्या."

मला बरंच वाटलं. तेवढीच भरपाई, म्हणून मी कागद पुढे ओढला.

"तसा नका लिवू," मागून सून म्हणाली. ती टाक्यांवर हात धरून उभी होती. "मी पडले म्हनून तुमाला पयल्याच दिशी सांगितला व्हता. तेवडाच लिवा."

मी लिहिलं: होडीवर पडून प्लीहेला इजा. शिक्का मारला. सासूने घ्यायला हात पुढे केला, पण कागद सुनेने घेतला. तिने तो तिथेच उभ्याने, एकेक अक्षर लावत शेवटपर्यंत वाचला, मागची बाजू उलटून बघितली, आणि मगच घडी घातली.