फिनलंडचा नाच आणि इंदुरीचं लगीन

चहाचा कप आधी खाली ठेवा, सांडेल. हा गाढवपणा दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. लोणावळ्यात माझं ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान होतं आणि लग्नसराईत मी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. एकदा एका पारशी बाईंच्या बंगल्यावर ग्रामोफोनची स्प्रिंग बसवायला गेलो. चालतोय का बघायला बाईंनी एक तबकडी लावली. छोटीशीच चाल, पण काय गोड! बाई म्हणाल्या, फिनलंड नावाच्या थंड मुलखातल्या कुणा संगीतकाराचा हा नाच आहे. पुढंही त्या काही सांगत होत्या. पण मी ऐकतोय कशाला? नाच म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं वरातच उभी राहिली. चार वेळा तबकडी ऐकून मी चाल बसवली.

पुढच्याच आठवड्यात जवळच्या इंदुरी गावात आबा नावाच्या एका शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. मारुतीच्या देवळापासून नवरदेव घोड्यावर निघाला आणि मी फिनलंड सुरू केलं.

पोरं नाचायची थांबली. घोड्यानं मान खाली घातली. वरात मांडवाशी पोचली, तशी दारातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मला वाटलं, कला पोचली! म्हणून मी तेच पुन्हा, आणखी जीव ओतून वाजवलं. आता तर आतून हुंदकेच ऐकू यायला लागले.

नवरदेवाच्या मामांनी घोडा अडवला. म्हणाले, "पोरीच्या मनात न्हाई दिसत. वरात मागं फिरवा."

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते हात जोडून समजूत घालत होते, पण स्वतःच्याच डोळ्यांतलं पाणी त्यांना आवरेना. मग मामांनी विश्वास ठेवायचा तरी कसा?

तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली नवरी तडक बाहेर आली.

"मला नवरा पसंत हाय," ती म्हणाली. "रडू त्या पिपाणीनं येतंय. आदी ती बंद करा."

मामांनी माझ्याकडं असं पाहिलं की क्लॅरिनेट आपोआपच तोंडातून सुटलं. ढोलवाल्यानं नेहमीचा ठेका धरला, घोडाही नाचला आणि लग्न थाटात लागलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या पारशी बाईंना गाठलं. त्या पोट धरून हसल्या. तो नाच खरा, पण मरणाच्या दारातली एक बाई मृत्यूबरोबर नाचते, त्याचा! त्या दिवशी त्या तेच सांगत होत्या.

आठ दिवसांनी आबा स्वतः दुकानात हजर. मी घाबरून माफी मागायला उठलो, तर त्यांनी मला खाली बसवलं.

"लेक सुखात हाय," ते म्हणाले. "माझं येगळंच काम हाय. मी गेलो की तुमीच यायचं. आन् तेच वाजवायचं, दुसरं न्हाई."

इतकी वर्षं मी वाजवतोय. माझं क्लॅरिनेट पुन्हा वाजवा म्हणणारा तेवढा एकच माणूस भेटला, आणि तोसुद्धा स्वतःला ऐकू येणार नाही अशा बेतानं!