एकाच टाचणीचं गाव

सातवीला मी एक कादंबरी शिकवायचे, आणि झकास शिकवायचे. खोटा विनय कशाला? जुन्या काळी बोटीत बसून समुद्रापार ऊस तोडायला गेलेल्या एका कुटुंबाची गोष्ट. पोरं पहिल्या पानालाच जांभया द्यायची. मग मी पुस्तक मिटून विचारायचे, "तुमच्या घरचं कोण, कुठून, काय घेऊन भिलाईला आलं?" झालं! मागच्या बाकावरचे सुद्धा हात वर.

भिलाईत हा प्रश्न वाया जातच नाही. कोणाचे आजोबा केरळातून आले, कोणाचे ओडिशातून, कोणाचे पंजाबातून, सगळे पोलादाच्या कारखान्यात नोकरीला. आमचे बाबा अमरावतीकडचे, कारखान्यात क्लार्क. मागून आई आली ती दगडी पाटा घेऊन, चक्क रेल्वेतून. "तिकडे काय दगड मिळत नाहीत?" हे बाबांनी तिला जन्मभर ऐकवलं. हा पाटा मी दरवर्षी वर्गात सांगायचे आणि पोरं हसून लोळायची. मग भिंतीवर भारताचा नकाशा. आपल्या गावावर एक टाचणी, भिलाईवर एक, मधे लाल दोरा. खाली टेबलावर घरून आणलेली एकेक जुनी वस्तू. वर्षाच्या शेवटी पालक हे प्रदर्शन बघायला यायचे आणि माझं कौतुक करून जायचे.

एका वर्षी शाळेजवळच्या कुरुद गावाहून येणारी एक मुलगी काशाचा लोटा घेऊन आली. गमछ्यात गुंडाळलेला, चिंचेने लखलखीत घासलेला. सांगायला लागली की घरी पाहुणा आला की सगळ्यात आधी ह्यात पाणी भरून त्याच्यासमोर ठेवतात, मग तो हातपाय धुतो, मग बसतो.

मी तिला मधेच तोडलं. "ते राहू दे. कहाँ से आया, ये बताओ."

"यहीं से, मैडम."

वर्ग हसला. मी म्हणाले, "इथलं कोणीच नसतं. घरी नीट विचारून ये."

दुसऱ्या दिवशी तिच्या कागदावर एकच ओळ होती: हम कहीं से नहीं आए. मी शून्य दिलं. वर सांगितलं की दोरा नाही तर भिंतीवर जागाही नाही. तिने लोटा पुन्हा गमछ्यात बांधला आणि दप्तरात ठेवला. रडली असती तर मला तिथल्या तिथे लाज वाटली असती. ती रडली नाही.

रात्री जेवताना आईला सांगितलं. मला वाटलं, हसेल. तिचा घास हातातच राहिला.

"कावून वं, शून्य कावून देलं पोरीले?"

"काही लिहिलंच नाही तिनं."

"मी इथं आली तवा बाजारात भाजी इकायले बाया बसत होत्या. त्या काय बोटीनं आल्या होत्या?"

"आई, तुले काय समजते त्या पुस्तकातलं!" मी ताट उचलून निघून गेले. मला राग आईचा आला नव्हता, हे मोरीत हात धुताना कळलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलीला बोलावून विचारलं, "तुमचं घर आधी कुठे होतं?"

"इधर ही, मैडम. जिधर ये स्कूल है." तिचे आजोबा तेव्हा लहान होते. कारखान्यासाठी गाव उठलं, आणि ते कुरुदला नातलगांकडे गेले, डोक्यावर धान आणि हा लोटा घेऊन.

मी टाचण्या घेऊन नकाशापुढे गेले. एक भिलाईवर टोचली. दुसरी कुठे टोचणार? भारताच्या नकाशावर ही शाळा आणि कुरुद एकाच भोकात येतात. सातवीला प्रवास शिकवणारी मी, आणि माझ्या नकाशात ह्या माणसांचा प्रवास मावत नव्हता.

मी वर्गापुढे "मी चुकले" म्हणाले. सोपं नव्हतं. पोरं टकमका बघत होती. शून्य खोडलं, पूर्ण गुण दिले. भिलाईवरची ती टाचणी तिच्या नावाची ठेवली, बिनदोऱ्याची. म्हटलं, लोटा टेबलावर मांड आणि प्रदर्शनाला आजोबांना आण. ती म्हणाली, "दादाजी इस तरफ कभी नहीं आते."

मग मला त्या प्रदर्शनात कसलाच रस राहिला नाही. दुसऱ्या कोणी केलेलं कौतुक नको होतं. तो म्हातारा यायला हवा होता, बस्स.

प्रदर्शनाच्या दिवशी मी सकाळपासून दारात उभी. "या, बसा, आइए, बैठिए." दुपारपर्यंत तो नाही. मी आशा सोडली होती, तेवढ्यात नातीचा हात धरून आला. पांढरं धोतर, खांद्यावर गमछा. मी लगबगीने खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. टाचणी पाहिली, मग खिडकीतून मैदानाकडे बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता हा मला बोलणार. बोलायलाच हवं होतं.

त्याने छत्तीसगढीत विचारलं, "तैं कहाँ के हस, नोनी?" तू कुठली गं, पोरी?

"अमरावती तरफ के, बाबा."

त्याने मान हलवली आणि नातीला हळूच काही सांगितलं. तिने टेबलावरचा लोटा उचलला, बाहेर नळावर जाऊन भरून आणला आणि माझ्या पायांसमोर ठेवला.

"बइठ, नोनी," म्हातारा म्हणाला. "दुरिहा ले आए हस." लांबून आलीस, बस.

सकाळपासून सगळ्यांना बसा-बसा म्हणणारी मी, मुकाट्याने पाण्याला हात लावला आणि बसले.