बाबांच्या खिशातला कॅमेरा

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचो, पण जीव सगळा फोनमध्ये अडकलेला. मोबाइलवर येणाऱ्या कॉलला पैसे पडणं नुकतंच बंद झालं होतं आणि दर महिन्याला बाजारात काहीतरी नवं येत होतं. एका वेबसाइटवर मी या फोनांबद्दल लिहायचो. कुठला घ्यावा, कुठल्या बातमीवर विश्वास ठेवू नये, असलं. वाचणारे अनोळखी लोक मला ‘सर’ म्हणायचे. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला ते फार आवडायचं.

बाबा खडकीला, संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. आम्ही क्वार्टरमध्येच राहायचो. नोकरीला एकतीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला एकच उरलं होतं. कारखान्यात काय चालतं याबद्दल त्यांनी घरात कधी अवाक्षर काढलं नाही. शाळेत असताना मी आईला विचारलं होतं, बाबा नेमकं काय करतात? ती म्हणाली, “कामाला जातात.”

तेव्हा कॅमेऱ्याचे फोन नवीन होते. मी एक घेतला आणि त्यावर भलामोठा लेख लिहिला. त्यातला एक परिच्छेद तर बाजूच्या बटणावरच होता. ते दाबून धरलं की कॅमेरा उघडतो, पुन्हा दाबलं की फोटो निघतो, आवाज बंद ठेवला असेल तर कळतही नाही. ‘फोन बंद करायचं बटण समजून कुणीही फसेल’ असंही लिहिलं होतं. लोकांना लेख आवडला. चार महिन्यांत त्याहून भारी फोन आला, तेव्हा हा मी बाबांना दिला. त्यांच्या साध्या फोनची बटणं दबेनाशी झाली होती.

“हिरवं दाबलं की बोलायचं, लाल दाबलं की ठेवायचं,” मी सांगितलं. “बाकीचं सोडा, तुम्हाला लागणार नाही.” कामावर वाजायला नको म्हणून आवाजही मीच बंद करून दिला.

साधारण महिन्याभराने, सकाळी अकराच्या सुमारास, मला ऑफिसात फोन आला. बोलणारा माणूस अतिशय सभ्य होता. “आपल्या वडिलांना आम्ही इथे गेटवर बसवून ठेवलंय. आपण ताबडतोब यावं.”

मला वाटलं, हार्ट अटॅक. हिंजवडी ते खडकी मी गाडी कशी चालवली, मला आठवत नाही.

बाबा सुरक्षा अधिकाऱ्यांच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. धडधाकट होते. समोर टेबलावर पांढऱ्या कागदावर तो फोन ठेवला होता. रोज आत गेल्यावर शंभरेक पावलांवर एक खिडकी होती, तिथे सगळे आपापले मोबाइल जमा करत. बाबाही करायचे. त्या दिवशी खिडकीवर नवीन माणूस होता, त्याने फोन उलटा केला आणि मागची कॅमेऱ्याची काच त्याला दिसली.

“हा आपण दिलात?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“हो.”

“यात कॅमेरा आहे हे स्वतःला माहीत नव्हतं, असं हे म्हणतात.”

“नव्हतं साहेब,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी इतका बारीक ऐकला नव्हता.

मला चक्क हायसं वाटलं. एवढंच ना! मी हसत म्हणालो, “साहेब, यांना साधा मेसेज उघडता येत नाही, फोटो कुठून काढणार? थांबा, दाखवतो.” फोन उचलला आणि मोठ्या ऐटीत फोटोंचा कप्पा उघडला.

आत सतरा फोटो होते.

बहुतेकांत नुसती जमीन होती. एकात पहारेकऱ्याचे बूट. एकात सायकलींची रांग, मागे तारेचं कुंपण आणि एका शेडचं अर्धं छप्पर. एकात जमा करायची खिडकी, आडवी. प्रत्येकाखाली वेळ होती, सकाळचे सव्वासात, दोन-चार मिनिटं इकडेतिकडे. फोन माझ्या हातून अधिकाऱ्यांनी कधी घेतला, ते मला कळलं नाही.

“हे काय आहे?” बाबांनी वाकून बघितलं. चष्मा त्यांच्या डब्याच्या पिशवीत होता, त्यामुळे त्यांना नीट दिसतही नव्हतं. “मी तर रोज तो बंद करत होतो. जमा करायच्या आधी. बाजूचं बटण दाबून.”

मी अधिकाऱ्यांना बटणाचं समजावून सांगायला लागलो. दाबून धरलं की काय होतं, पुन्हा दाबलं की काय होतं. माझ्या लेखातली वाक्यंच्या वाक्यं तोंडातून बाहेर पडत होती. बाबा माझ्याकडे बघत होते.

“तुला हे ठाऊक होतं?”

“हो.”

“तिकडे कॉम्प्युटरवर लिहिलंही होतंस?”

“हो.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

अधिकारी खिडकीबाहेर बघायला लागले. लोकांना इतकं समजावून सांगणारा मी, घरातल्या माणसाला ‘तुम्हाला लागणार नाही’ म्हणून मोकळा झालो होतो.

आम्हा दोघांचे जबाब लिहून घेतले. फोन लखोट्यात गेला, तो परत आला नाही. चौकशी तीन आठवडे चालली. बाबा रोज वेळेवर कामाला जात होते, घरी येऊन जेवत नव्हते. कॉलनीत बातमी पसरली होती. गिरणीवर आई गेली की बायका गप्प व्हायच्या. तिने मला एकदाच विचारलं, “यांना पेन्शन मिळेल ना रे?” मी मान हलवली, पण मला काहीच माहीत नव्हतं.

शेवटी हेतू काही नव्हता असं ठरलं. लेखी ताकीद मिळाली आणि ती त्यांच्या सेवापुस्तकात लागली. एकतीस वर्षांतला तो एकमेव वाईट कागद. बाबा मला रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

पेन्शन सुरळीत सुरू झाली. निवृत्तीनंतर त्यांना फोन घ्यायचा होता, तर मला न घेता एकटेच निघाले. मीच हट्टाने मागे गेलो. लक्ष्मी रस्त्याजवळच्या दुकानातल्या विक्रेत्याने फोन पुढे सरकवला.

“यात काय काय आहे, सगळं सांगा,” बाबा म्हणाले.

“काका, बाकीचं तुम्हाला लागणार नाही.”

“ते माझं मी बघीन. आपण सांगायला सुरुवात करा.”

त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि त्या पोराकडून एकेक बटण समजून घ्यायला लागले. दुकानात मागे रांग लागली होती. मी दाराशी उभा राहिलो, मध्ये एक शब्द बोललो नाही.