बुवांचा श्रावण

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एक माझं, दुसरं वसुंधराताईंचं. चंदनसारला ही बिल्डिंग उभी राहिली तेव्हापासूनचा शेजार, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी काहीही बोलू शकते. त्याही माझ्याबद्दल बोलतात, आणि जिन्यात उभं राहून बोलतात.

ताई मूळच्या देवगडच्या. दवाखान्यात आयाची नोकरी करून निवृत्त झाल्या. नवरा लवकर गेला, एकुलता एक हर्षवर्धन बोटीवर कामाला. अकरा महिने या बाईला मासळीशिवाय घास उतरत नाही. बांगड्याचं डोकं अशा चोखतात की दारातली मांजरं निराश होऊन निघून जातात. पण श्रावण लागला की कांदा-लसूणसुद्धा घराबाहेर. हर्षवर्धन दोन वर्षांचा असताना तापाने हातचा जायची वेळ आली होती. तेव्हा ताईंनी शंकराला शब्द दिला, पोरगं वाचव, श्रावणात माझ्या घरात जीव मारला जाणार नाही. पोरगं वाचलं. पुढे ते बोटीवर गेलं, आणि आपला श्रावण आहे म्हणूनच ती बोट तरंगते, अशी ताईंची पक्की खात्री झाली.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. जून महिन्यात बोटीवर जाताना या पठ्ठ्याने आईच्या गळ्यात एक सरडा मारला. बिअर्डेड ड्रॅगन म्हणे. परदेशी जात, हनुवटीखाली काट्याकाट्यांची दाढी, आणि अजून पिल्लूच. काचेची पेटी, वर पिवळा बल्ब. "आई, मोठा झाला की पाला खाईल. आत्ता वाढीचं वय आहे, रोज जिवंत किडे लागतात. त्याच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर आहे ना, त्यापेक्षा मोठा किडा द्यायचा नाही." एवढं सांगून चिरंजीव पसार.

ताईंनी थोडे दिवस नाक मुरडलं. मग त्याची दाढी बघून त्याला 'बुवा' म्हणायला लागल्या, आणि कारभार आटोपला. रोज सकाळी डबा घेऊन दारोदार. "तुमच्याकडे औषध मारलंय का? नाही ना? मग मोरीतली झुरळं मारू नका, मी नेते. बारकी बघा." आपल्या घरात झुरळं आहेत हे कोण कबूल करणार? त्यावरून भांडणं. "विनयाकडे मात्र कधीच तोटा नसतो," असं माझ्याबद्दल त्यांनी तिसऱ्या मजल्यापर्यंत सांगून ठेवलं. गटारीच्या दिवशी स्वतः कोंबडी हाणली आणि बुवांनाही नाकतोड्यांची मेजवानी घातली. बुवा पोट टेकून असे पडले की मी ढेकराची वाट बघत बसले.

दुसऱ्या दिवशी गेले, तर पेटीत किसलेला दुधी, काकडी आणि राजगिऱ्याची पानं.

"अहो ताई, हे काय?"

"श्रावण लागला ना."

"तो सरडा आहे!"

"मग? राहतो कुठे? माझ्याच घरात ना?"

सोमवारी तर दुधीवर बेलाचं पान. बुवांनी ताईंकडे असं बघितलं की माणूस असता तर भांडी आपटली असती. दुधी चाटला, तोंड फिरवलं. मग काहीच खाईना. हळूहळू कातडी सैल पडली, शेपटी मुळाशी बारीक झाली, बल्बखाली डोळे मिटून नुसता पडून. मी खूप बोलले. "मारताय तुम्ही त्याला. पोराने विश्वासाने ठेवलाय!" ताई काकडी किसत राहिल्या. मग म्हणाल्या, "विनया, माझं पोर भर समुद्रात आहे." माझा राग तिथेच विरला, नुसतं वाईट वाटलं.

शेवटी मीच तोड काढली. घरात जीव मारायचा नाही ना? मग घराबाहेर! भुईगावला पॉलिन राहते, ताईंच्या दवाखान्यातली जुनी मैत्रीण. तिला श्रावण लागू नाही. बुवांना फडक्यात गुंडाळून आम्ही रिक्षाने तिच्या वाडीत पोचलो. पॉलिनने गवतातून बरणीभर नाकतोडे आणले, बारके, हिरवे, टणाटण उड्या मारणारे. बुवांना एका खोक्यात ठेवून त्यात सोडले. एक तर बुवांच्या नाकावर बसला. बुवांनी मान उचलली नाही.

"तोंडासमोर धरायला पायजे," पॉलिन म्हणाली आणि स्वतः पाच पावलं मागे सरकली. "मला नाय सांगायचं हां! पाल दिसली तरी मी बाकड्यावर चढते."

मी माझ्या पदराशी खेळायला लागले.

ताईंनी बुवांना तळहातावर घेतलं. डोळे भरलेले. एकदम मान वर करून आभाळाकडे बघत ओरडल्या, "तुझ्या गळ्यात नाग आहे ना रे? तो काय भेंडीची भाजी खातो? हिशेब असेल तर माझ्याशी कर. पोराला हात लावशील तर बघ!" पॉलिनने घाईघाईने क्रूसाची खूण केली. ताईंनी नाकतोडा दोन बोटांत धरून पुढे केला. बराच वेळ काही नाही. मग बुवांचा एक डोळा उघडला, आणि खटकन नाकतोडा गायब.

त्यानंतर घरातही बुवांना झुरळं सुरू झाली. रोज खायला लागतं, रोज भुईगाव कोण करणार? पण दर रविवारी येणारा हर्षवर्धनचा फोन त्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. ताईंचं जेवण तुटलं. फोनशेजारी बसून राहायच्या, मधूनच देवाला शिव्या देत. मला वाटलं, आता बुवा पुन्हा दुधीवर येणार. नाही. ठरल्या वेळी उठायच्या, डबा उघडायच्या, रडत रडत झुरळ पुढे करायच्या. "याने कुणाचं काय वाकडं केलंय?" एवढंच म्हणायच्या.

मग एका दुपारी फोन वाजला. बोट कुठल्याशा बंदराबाहेर अडकून पडली होती, बाकी सगळं ठीक. ताईंनी आधी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, मग तोंडाला पदर लावून रडल्या. शेवटी तिकडून त्याने विचारलं असावं, श्रावण कसा चाललाय.

ताईंनी नाक पुसलं, पेटीकडे बघितलं. बुवांच्या तोंडातून झुरळाची तंगडी लोंबत होती.

"माझा कडक चाललाय," त्या म्हणाल्या. "पण घरातल्या सगळ्यांनी कशाला पाळायला पाहिजे?"