‘व्हय मॅडम’

अनगोळच्या सुनयनाची लेक पारमिता शाळेचं नाव काढत नव्हती. संध्याकाळी पारमिताच्या मोबाइलवर तिचाच आवाज वाजला: “व्हय मॅडम, लई दुखतंय!” वर्गात तिनं मॅडमना दिलेलं उत्तर कुणीतरी रेकॉर्ड करून, त्याला ढोलकीचा ठेका लावून वर्गाच्या ग्रुपवर टाकलं होतं. घरात सगळेच असं बोलत, म्हणून सुनयनाला त्यात टिंगल दिसलीच नाही; ठेका ऐकून तिला हसू आलं.

“ब्येस केलंय की गं!”

“सगळी मला त्याच नावानं चिडवत्यात. आन् तूबी हसलीस, आई.”

सुनयनाचं हसू थांबलं. मोबाइल काढून घ्यायला तिचा हात पुढं गेला. पण मग पोरगी पुढचं काहीच सांगणार नाही, या धास्तीनं तिनं तो आवरला.

“चुकलं माझं. ते पुसू नगंस. उद्या दोघी मिळून मॅडमना ऐकवू.”

“मॅडमबी हसल्या तर?”

“मग हेडसरांकडं जाऊ.”