ऑफिस टाइमची चोरी

कुणी डब्यापाशी घुटमळलं की मोठे बाबू खाकरायचे, हात मागे बांधायचे आणि पाठ फिरवून समोरच्या कडुलिंबाकडे पाहू लागायचे. ही परवानगी होती. नव्या माणसाला ती कळत नसे. तो बिचारा म्हणायचा, "बाबू, एक फांदी देता का?" बाबू कडुलिंबाकडे पाहतच सांगायचे, "मागून न्यायचं न्हाई. मागितलेलं झाड लागत न्हाई. चोरून न्या, मी काई बघून न्हाई राह्यलो."

आष्टीच्या आमच्या ऑफिसात मी कारकून होते, बाबू हेडक्लार्क. व्हरांड्याच्या कठड्यावर तेलाचे कापलेले डबे, फुटक्या बादल्या आणि एका निकामी कुकरात त्यांनी 'ऑफिस टाइम' लावलं होतं. तुमच्याही अंगणात असेल ते. गुबगुबीत बारीक पानं, दहाच्या उन्हाला उमलणारी आणि दुपार कलली की मिटणारी फुलं. कुणी चिनी गुलाबही म्हणतं.

आमच्या ऑफिसात दहाला हजर असणारं तेवढंच होतं. बाकी मंडळी जालन्याहून अपडाऊन करणारी. साडेअकराला कुणी घाम पुसत आलं की बाबू डब्याकडे बोट दाखवायचे, "हे बघा, सही करून मोकळं झालं." ढगाळ दिवशी फुलं मिटूनच राहत. "आज किरकोळ रजा," बाबू म्हणत. दुपारी फुलं मिटू लागली की अपडाऊनवाल्यांना उठायला आधार मिळायचा.

सरकारी ऑफिसातून वस्तू जाणं नवं नाही. पण चोरी व्हावी म्हणून हेडक्लार्क तिष्ठत उभा आहे, हे आमच्याकडेच. गावातल्या टपऱ्या, दवाखाना, शाळेची भिंत, सगळीकडे आमचीच राणी रंगाची, पिवळी, केशरी फुलं. चोरी उरकली की बाबू वळून चोराला शिकवत. "बोटभर कांडी बास. नुसती काळी माती पाणी धरती, निम्मी वाळू टाका. अन् पाणी हात राखून. लई लाड केले की सडती."

पांढरं मात्र कुणी चोरत नसे. रंगीत फुलांपुढे ते फिकं दिसायचं. बाबूंच्या बायकोनं ते वाटूरहून, माहेरच्या शेजारणीच्या अंगणातून, ओल्या रुमालात लपवून आणलं होतं. "आमच्या घरातली एकुलती एक चोरी," बाबू कौतुकानं सांगायचे. बाई गेल्या, घरी पाहायला कुणी उरलं नाही, म्हणून तो डबा ऑफिसात आला. बाबू सकाळी आधी त्याच्यापाशी थांबत आणि मग खुर्चीवर बसत. त्यातली एक कांडी मी चोरली. त्या दिवशी ते जरा जास्तच वेळ कडुलिंबाकडे पाहत राहिले.

मग नवे साहेब आले. नियमाचे पक्के. साहेब चोरी कशी करणार? त्यांनी शिपायामार्फत रीतसर फांद्या मागवल्या. बाबूंनी सगळ्या रंगांच्या कापून ट्रेमध्ये घालून पाठवल्या. क्वार्टरवर त्यांना तिन्ही त्रिकाळ पाणी मिळालं आणि त्या सडल्या. साहेबांनी विचारलं तर बाबू म्हणाले, "सर, मागून नेल्या ना. मंग बिलकुल लागत न्हाई."

साहेबांना हा उद्धटपणा वाटला. पुढे तपासणी येणार म्हणून सुशोभीकरण निघालं. सुट्टीच्या दिवशी डबे, बादल्या, कुकर ट्रॉलीत भरून गावाबाहेर फेकले आणि कठड्यावर एका मापाच्या कुंड्यांत प्लॅस्टिकची फुलं आली. ती चोवीस तास उमललेली. साहेबांना हवे होते तसे कर्मचारी अखेर मिळाले.

सोमवारी बाबू कठड्यापाशी आले. चष्मा काढून पुसला, परत लावला. "पांढरं बी नेलं का?" एवढंच विचारलं. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "बाबू, माझ्याकडचं देते की."

"देऊ नका ताई," ते घाबरून म्हणाले. "दिलेलं लागायचं न्हाई."

रविवारी ते माझ्या फाटकाशी हजर. स्कूटरला भाजीची पिशवी. खाकरून म्हणाले, "ताई, जरा पाठ फिरवता का?"

मी फिरवली. बराच वेळ झाला, काही हालचाल ऐकू येईना. वळून पाहिलं तर बाबू कुंडीपुढे हात लांब करून तसेच उभे. कपाळावर घाम. "जमून न्हाई राह्यलं," ते म्हणाले. "आयुष्यात कधी केली न्हाई ना."

सगळ्या आष्टीला चोरी शिकवलेला माणूस! मला हसू आलं आणि डोळेही भरले.

"मग तुम्ही पाठ फिरवा," मी म्हटलं. त्यांनी सवयीनं हात मागे बांधले आणि शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे पाहू लागले. मी दोन कांड्या मोडून त्यांच्या मेथीच्या जुडीत खुपसल्या. "निघतो ताई," म्हणून त्यांनी स्कूटर सुरू केली. पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. चोरी तर झाली. कुणी कुणाची केली, ते तुम्हीच ठरवा.

पुढे बाबू रिटायर झाले आणि यंदा पावसाळ्यात गेले. तेराव्यानंतर मुलगी घराला कुलूप लावून जालन्याला परतली.

परवा ऑफिसला जाताना बाबूंच्या घरच्या गल्लीतून निघाले. बाबूंच्या कठड्यावर डबाभर पांढरी फुलं, नुकतीच उमललेली. माझ्याकडची या पावसात सडून गेली, म्हणून मी हात पुढे केला. इकडेतिकडे पाहिलं. गल्ली रिकामी. चोराला याहून सोयीची वेळ मिळायची नाही. पण पाठ फिरवायला कुणी नव्हतं. मी हात मागे घेतला.