तीन नंबरचा पलंग

रायपूर राजधानी झालं, त्याच्या आसपास मी तिथल्या एका सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून लागले. पलंग कमी, बायका जास्त. उरलेल्यांच्या गाद्या व्हरांड्यात, फरशीवर. कोण उरणार हे ठरलेलंच असे. जंगलाकडून आलेली आदिवासी बाई दिसली, की पलंग रिकामा असूनही माझं बोट व्हरांड्याकडे वळायचं. तसा हुकूम कोणाचाच नव्हता. आणि मी तरी कोण लागून गेले होते? विदर्भातून आलेल्या बौद्ध घरातली पोर; माणसाला खाली बसवणं काय असतं, ते ऐकतच वाढलेली.

मग नव्या इन्चार्जबाई आल्या, आमच्याच नागपूरकडच्या. पहिल्याच दिवशी व्हरांड्यातल्या एका आदिवासी बाईच्या गादीपाशी त्यांनी मला धरलं.

"तिले खाली काहून टाकलं वो?"

"त्यायले सवय असते न बाई, खाली निजाची."

"तुले कोणं सांगतलं? तिनं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर वरच्या ऑफिसात खेटे घालून बाईंनी नियमच करून आणला: येईल त्या क्रमानं पलंगाचा नंबर नोंदणीच्या खिडकीवरच पर्चीवर पडेल, पलंग संपले की व्हरांडा; वॉर्डात कोणी तो बदलायचा नाही.

आठवड्यातच परीक्षा आली. तीन नंबरवर तापानं फणफणलेली आदिवासी बाळंतीण होती. सदर बाजारातल्या मोठ्या घरची सून आली, तिच्या पर्चीवर व्हरांडा. तिची सासू मला म्हणाली, "सिस्टर, इन लोगों को तो नीचे की आदत है।"

माझंच वाक्य! तेवढ्यात ती बाळंतीण बाळाला पदरात घेऊन स्वतःच खाली उतरू लागली. मी तिचा खांदा धरून तिला तिच्या छत्तीसगढीत थांबवलं.

"झन उतर दीदी, ये खटिया तोर आय।"

सासूबाईंना म्हटलं, "पर्ची में जो लिखा है, वही।" मजा येत होती, खोटं कशाला सांगू.

तिचा ताप त्याच पलंगावर उतरला. सून दोन दिवस व्हरांड्यात राहिली, आणि तिच्या घरच्यांनी वरपर्यंत तक्रार केली: डास, ओल, कुत्री. पंधरा दिवसांत व्हरांड्याला जाळी लागली, पलंग आले. फरशीवर निजणं संपलं. मी खूश झाले, आजही आहे.

सून आली त्याच्या तिसऱ्या दिवशी, तक्रार गेल्या गेल्या, दवाखान्याचे मोठे साहेब बघायला आले होते. वर्षानुवर्षं त्याच व्हरांड्यातून राउंडला जाणारे. फार हळहळले.

"सिस्टर, ये हालत कब से है?"

"परसों से, सर," मी म्हणाले.